श्रद्धांजली वाहताय ना? मग आधी नाव घ्या!

मंडळी, पोस्ट जरा लांबलचक आहे. चहा घेऊन बसा. वाचून राग आला तरी चालेल, पण पूर्ण वाचा आणि मग शिव्या घाला.

यवतपासून पाटसपर्यंत सोलापूर हायवेनं एकदा सावकाश जा आणि कडेचे फ्लेक्स बघा. निम्मे वाढदिवसाचे आणि निम्मे भावपूर्ण श्रद्धांजलीचे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सची आता एक ठरलेली रचना झालीय. गेलेला माणूस वरच्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी ज्योत, आणि खाली शोकाकुल म्हणून चेहऱ्यांची रांग. गॉगल घातलेले, फोन कानाला लावलेले. गेला कोण आणि राहिले कोण हे कळायला गाडी थांबवावी लागते.

लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या. तेव्हापासून दर ६ फेब्रुवारीला आणि त्यांच्या जन्मतारखेला, म्हणजे २८ सप्टेंबरला, आपल्या ग्रुपवर हीच रचना फिरते. 'गानकोकिळेस विनम्र अभिवादन', शेजारी दीदींचा पासपोर्ट साइज फोटो, आणि निम्म्या चौकोनात भावी जिल्हा परिषद सदस्य. दीदींचं एक गाणं, एक वर्ष, एक संगीतकार, काहीही नाही. नुसतं अभिवादन, आणि ते कुणाला हेही नीट कळत नाही.

आता गंमत बघा. 'श्रद्धांजली' याच नावाचा एक अल्बम खुद्द लतादीदींनीच काढलाय, १९९२ साली. आज मला त्याच्यावर बोलायचंय, आणि तिथून थेट आपल्या यात्रा कमिटीवर यायचंय.

आधी हिशोब मांडू. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले, एप्रिल महिन्यात. घरात थोरली लता, वय १२. त्याच वर्षी 'किती हसाल' नावाच्या मराठी चित्रपटासाठी तिनं गाणं गायलं आणि ते चित्रपटातून कापलं गेलं. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये छोटी भूमिका केली. म्हणजे या पेशातलं पाऊल १९४२ चं. त्याला १९९२ ला ५० वर्षं झाली. सुवर्णमहोत्सव!

आता सुवर्णमहोत्सव आपल्याकडे कसा होतो ते मी सांगायला नको. स्वतःचा गौरव अंक, स्वतःची मिरवणूक, स्वतःची तुला. बाईंच्या हातात स्वतःचीच हजारो गाणी होती. त्यातली निवडक पुन्हा काढली असती तरी लोकांनी रांगा लावून घेतली असती. त्यांनी काय केलं? आपल्या आधी गेलेल्या गायकांची गाणी गायली. कुंदनलाल सैगल, पंकज मलिक, मोहम्मद रफी, मुकेश, किशोरकुमार, हेमंतकुमार. अल्बमचं नाव 'श्रद्धांजली'. कंपनी एचएमव्ही, म्हणजे आजची सारेगामा. कॅसेट आली, सीडी आली, पुढे दुसरा भाग आला, आणि आज तो तुमच्या मोबाईलवरसुद्धा आहे.

वय ६२-६३. आवाज १९५० चा राहिलेला नव्हता, हे कुणीही ऐकून सांगेल. मूळ गाण्यापेक्षा ही बरी आहेत असा दावा मी करत नाही. सैगलचं सैगलपाशीच. पण स्वतःच्या पन्नाशीच्या उत्सवात या बाईनं दुसऱ्यांची नावं पुढे केली. माझा आजचा सगळा मुद्दा या एका गोष्टीभोवती आहे.

लगेच कुणीतरी म्हणेल, अहो, तो कंपनीचा धंदा होता. होताच की! एचएमव्ही काय धर्मादाय संस्था आहे? कॅसेटा खपवायला अल्बम काढला आणि खपवला. पण त्या काळात बाजारात काय चाललं होतं ते आठवा. माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. ऐंशीच्या दशकापासून 'कव्हर व्हर्जन'चा पूर आला होता. जुनं गाजलेलं गाणं नव्या गळ्यातून गाऊन घ्यायचं आणि स्वस्त कॅसेट काढायची. कायद्यात त्याची सोय होती, मूळ गाणं येऊन दोन वर्षं झाली की नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून हे करता येत होतं. कॅसेटच्या कव्हरवर नट-नटीचा फोटो. गायलंय कोण हे भिंग लावून शोधायचं. यात्रेतल्या कॅसेटच्या पालावर लोक रफीची म्हणून कॅसेट घ्यायचे आणि घरी आल्यावर कळायचं की आत भलताच कुणीतरी गातोय. त्या नव्या गळ्यांचीही चूक नव्हती. त्यांनाही कुणी नावानं ओळखू दिलं नाही.

तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर 'श्रद्धांजली' पण कव्हर व्हर्जनच. जुनं गाणं, नवा गळा. पण एक प्रकार मूळ माणसाला झाकून पैसे करायचा होता, आणि दुसरा मूळ माणसाचं नाव कपाळावर लावून बाजारात आला. धंदा दोन्हीकडे झाला. धंद्याला माझा विरोध नाहीच. नाव गिळायला विरोध आहे.

आणि नावाची किंमत या बाईला कळली होती ती पुस्तकं वाचून कळलेली नव्हती. १९४९ चा 'महल' चित्रपट. त्यातलं ते गूढ गाणं, खेमचंद प्रकाशांचं संगीत, आज ७५ वर्षं उलटली तरी अंगावर काटा येतो. ते रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिका म्हणून नाव काय छापलं होतं माहितीये? 'कामिनी'. म्हणजे पडद्यावर मधुबालानं केलेल्या पात्राचं नाव! गाणारी माणूस आहे, तिला आईबापानं ठेवलेलं नाव आहे, याचा पत्ताच नाही. रेडिओवर गाणं वाजायला लागलं आणि लोक विचारायला लागले, ही बाई कोण? तेव्हा कुठं नाव बाहेर आलं. लोकांनी विचारलं म्हणून आलं, हे लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

नंतर फिल्मफेअर. १९५७ च्या सोहळ्यात 'चोरी चोरी'च्या संगीताला पुरस्कार होता, शंकर-जयकिशनना. दीदींनी तिथं स्टेजवर त्यातलं गाणं गावं अशी विनंती झाली. दीदी म्हणाल्या, गायकाला तुमच्याकडे पुरस्कारच नाही, मग मी कशाला गाऊ? वाजवा नुसता वाद्यवृंद. त्यानंतर १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'च्या गाण्यासाठी.

मग साठच्या दशकातलं रॉयल्टीचं भांडण. दीदींचं म्हणणं, रेकॉर्ड विकली जातेय तोवर गाणाऱ्यालाही वाटा मिळाला पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे पैसे एकदा घेतले, हिशोब संपला. दोघांत बिनसलं आणि काही वर्षं ते एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांसारखा सज्जन माणूस शोधून सापडणार नाही, त्यांच्या बोलण्यातही एक साधा सरळपणा होता. पण खरं कोण ठरलं? काळानं उत्तर दिलं. त्याच गाण्यांची रेकॉर्ड झाली, कॅसेट झाली, सीडी झाली, मोबाईलची रिंगटोन झाली, २०१७ ला 'कारवां' नावाच्या डब्यात पाच हजार गाणी भरून पुन्हा विकली. एकदा गायलेलं गाणं पिढ्यान् पिढ्या विकलं जातं. हिशोब कधीच संपत नाही. तो फक्त गाणाऱ्यापुरता संपवला जातो.

आणि बघा, ज्यांच्याशी या मुद्द्यावर भांडण झालं, त्या रफींनाही 'श्रद्धांजली'त मानाची जागा आहे. भांडण हक्काचं होतं. माणसाचं नाव खायचं नव्हतं.

आता इथं एक हुशार माणूस मला 'आनंदघन' आठवून देईल. बरोबर आहे. भालजी पेंढारकरांच्या 'मराठा तितुका मेळवावा' आणि 'साधी माणसं' या चित्रपटांना दीदींनी संगीत दिलं, तेव्हा स्वतःचं नाव लपवून 'आनंदघन' हे नाव घेतलं. राज्य सरकारच्या सोहळ्यात आनंदघन यांना पुरस्कार जाहीर झाला आणि मग कळलं की ते समोर बसलेत! म्हणजे नाव ठेवायचं की लपवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. स्वतःचं नाव स्वतः झाकणं हा थोरपणा असू शकतो. दुसऱ्याचं आपण झाकलं तर त्याला चोरी म्हणतात.

आता मुंबई सोडा, आपल्या पट्ट्यात या.

आपल्याला कुणी सांगतं की लोककलेत नाव नसतं हो, ते सगळ्यांचं असतं. साफ खोटं! आपल्या मातीत तर नावाशिवाय रचना पूर्णच होत नव्हती. तुकोबा प्रत्येक अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' म्हणून सही करतात. नामदेव करतात, जनाबाई करते. चोखोबांना तर देवळाची पायरी चढू दिली नाही, पण अभंगातलं त्यांचं नाव कुणाच्या बापाला काढता आलं नाही. शाहिरांचं तेच. राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव, शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव ओवलेलं. कारण या लोकांना अनुभव होता. नाव बाहेर लिहिलं तर कुणीतरी पुसणार, म्हणून रचनेच्या आतच शिवून टाकलं.

आणि तमाशाचा बोर्ड आठवा. नारायणगावला राहुट्या लागतात, तिथं फडाचं नाव काय असतं? विठाबाई नारायणगावकर. दत्ता महाडिक पुणेकर. काळू-बाळू कवलापूरकर. रघुवीर खेडकरसह कांताबाई सातारकर. माणसाचं नाव आणि गावाचं नाव! पुढारी खाली बसून बघायचा, बोर्डवर कलावंत असायचा. हे सगळं आपल्याच पुणे जिल्ह्यात, दोन-तीन तासांच्या अंतरावर.

मग आपल्याच यात्रांचं असं कसं झालं?

यंदाच्या हंगामात आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी यात्रांच्या पत्रिका माझ्याकडे आल्या. बातमीदार असल्यामुळे येतातच. छबिना, कुस्त्यांचा आखाडा, इनामाची रक्कम, वर्गणीदारांची यादी, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती (या तिघांतला फरक मला २० वर्षांत कळलेला नाही), आणि मग सगळ्यात खाली, 'रात्री ९ वाजता करमणुकीचा भव्य कार्यक्रम'. बस. कोण गाणार? भव्य. ढोलकीवर कोण? भव्य. फार तर नाचणाऱ्या एखाद्या मुलीचा फोटो, आणि तोही बहुतेक वेळा तिला न विचारता तिच्या इन्स्टाग्रामवरून उचललेला.

चौफुला आपल्याला लागून. महाराष्ट्रात कुठंही सांगितलं की मी चौफुल्याजवळचा, तर माणूस डोळा मारतो. त्या डोळा मारणाऱ्याला मी एकच विचारतो, तिथं गाणाऱ्या एका बाईचं नाव सांग. एका पेटीवाल्याचं सांग. सांगता येत नाही. थिएटरचं नाव पाठ, पार्किंग कुठं ते पाठ, जेवण कुठं चांगलं ते पाठ. रात्रभर ज्यांच्या गळ्यावर आणि बोटांवर ते सगळं चालतं, त्यांचं नाव कुणाला नको.

तिथं रोज बुगडीची लावणी होते. कुणालाही विचारा, म्हणतील जुनी लावणी आहे, पारंपरिक. कसली पारंपरिक! १९५९ चा 'सांगत्ये ऐका', अनंत माने यांचा, पुण्यात विजयानंदला शंभराहून जास्त आठवडे चाललेला. लिहिली गदिमांनी, चाल वसंत पवारांची, गायल्या आशाताई. तीन धडधडीत नावं असताना आपण 'पारंपरिक' म्हणून मोकळे.

शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी डोलकराचं कोळीगीत बसवतात. पत्रिकेत 'पारंपरिक कोळी नृत्य'. अहो, ते शांता शेळकेंनी लिहिलंय! संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज हेमंतकुमार आणि लतादीदींचा. शांताबाईंचा जन्म इंदापूरचा, म्हणजे आपल्या शेजारच्याच तालुक्यातला, आणि त्यांच्या गाण्यावर आपली पोरं नाचताना त्यांचं नाव घ्यायला माईकवाल्या सरांना पाच सेकंद मिळत नाहीत. त्याच माईकवरून बक्षिसाच्या ५१ रुपयांसाठी देणाऱ्याचं नाव, गाव, पद, सगळं तीनदा पुकारलं जातं.

पहाटे देवळावरचा भोंगा लागला की पहिला आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. गावोगाव. २००४ ला हा माणूस गेला, आवाज अजून रोज पहाटे उठतो आणि गावाला उठवतो. पण एकाही देवळाच्या पत्रिकेवर, एकाही सप्ताहाच्या फ्लेक्सवर त्यांचं नाव मी पाहिलेलं नाही. का नाही, ते ज्याचं त्यानं रात्री अंथरुणावर पडून स्वतःला विचारावं. मी इथं लिहीत नाही.

दीदींच्या कार्यक्रमांचं संगीत संयोजन वर्षानुवर्षं अनिल मोहिलेंनी केलं. २०१२ च्या फेब्रुवारीत ते गेले. कुणी स्टेटस ठेवल्याचं आठवतंय? राहू द्या.

आता म्हणाल, नावानं काय पोट भरतं का?

भरतं! हेच सांगायला ही पोस्ट लिहितोय.

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. २०२४ पासून महिना ५ हजार रुपये. वय ५० च्या पुढं पाहिजे, कलेत किमान १५ वर्षांचं काम पाहिजे, आणि ते काम केल्याचे पुरावे पाहिजेत. पुरावे म्हणजे काय? कार्यक्रमाच्या पत्रिका, प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं. ज्यावर अर्जदाराचं नाव आहे अशी.

इथं सगळं अडतं.

गेल्या वर्षी चौफुल्याच्या जवळच्या एका वाडीतले एक ढोलकीवाले माझ्याकडे आले. वय सत्तरीच्या आसपास. नाव इथं मुद्दाम देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, आणि वर म्हटल्याप्रमाणे ते त्यांनी ठरवायचं. चाळीस वर्षं ढोलकी वाजवली. फडात, थिएटरात, लग्नात, प्रचारात. हाताची बोटं आता सरळ होत नाहीत. सोबत साखरेची रिकामी पिशवी, त्यात जपून ठेवलेले कागद. म्हणाले, "पत्रकारसाहेब, यातलं चालंल का बघा, फारमाला जोडायचंय."

मी एक एक कागद उलगडला. यात्रेच्या पत्रिका, 'करमणुकीचा भव्य कार्यक्रम'. कात्रणं, 'वाद्यवृंदाने सुरेख साथ दिली'. एका फोटोत माजी पदाधिकारी सत्कार स्वीकारतायत आणि त्यांच्या फेट्याच्या मागं ढोलकीचा अर्धा गोल दिसतोय. "तो मीच हाय," म्हणाले. चाळीस वर्षांच्या कागदात त्यांचं नाव एकदाही नव्हतं. वाजवलेलं सगळ्यांनी ऐकलं, छापलं कुणीच नाही.

पाच हजार रुपये महिना म्हणजे वर्षाला साठ हजार. नाव न छापल्याची किंमत आहे ही! आणि ती भरतोय कोण? ज्याचं नाव छापलं नाही तो.

आमच्या धंद्यालाही मी सोडणार नाही. तालुक्यातून मी बातमी पाठवतो तेव्हा कलावंतांची नावं लिहून पाठवतो. एका दैनिकात असताना वरून फोन यायचा, "नावं फार झाली, कापतोय." कापायची ती ढोलकी, पेटी आणि कोरसची. मान्यवरांची चौदा नावं मात्र एका ओळीत, स्वल्पविराम देऊन, सुखरूप. कारण मान्यवर जाहिरात देतात. ढोलकीवाला कुठून देणार?

आता कायद्याचं बोलू, म्हणजे हा भावनेचा उमाळा आहे असं कुणाला वाटायला नको.

कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ ला मोठी दुरुस्ती झाली. त्यात कलम ३८ब आलं. ते सांगतं की कला सादर करणाऱ्याला, हे मी सादर केलंय असं स्वतःचं नाव लावून घेण्याचा हक्क आहे. सादर करणारा म्हणजे कोण, तेही कायद्यात दिलंय. गायक, वादक, नर्तक, नट, कसरत करणारा, जादूगार, अगदी साप खेळवणारा गारुडीसुद्धा! दिल्लीत बसलेल्यांना गारुडी आठवला, आपल्या यात्रा कमिटीला समोर वाजवणारा ढोलकीवाला दिसत नाही. त्याच दुरुस्तीत गाण्याच्या व्यापारी वापरातून गाणाऱ्याला रॉयल्टीचा वाटाही मिळाला. दीदी साठच्या दशकात जे म्हणत होत्या ते कायद्यात यायला जवळजवळ ५० वर्षं लागली. २०१३ ला गायकांची रॉयल्टी गोळा करणारी संस्थाही नोंदली गेली. आणि जाता जाता हेही बघा, ध्वनिमुद्रणावरचा कंपनीचा हक्क ६० वर्षं आणि गाणाऱ्याचा ५०. दहा वर्षांचा फरक कुणासाठी ठेवला असेल?

घाबरू नका. उद्या कुणी वरातीत येऊन पैसे मागणार असं मी म्हणत नाही. लग्नाच्या कार्यक्रमाला आणि धार्मिक विधीला कायद्यातच सूट आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्रानं त्याचा खुलासाही केलाय. म्हणजे तुमच्याकडून पैसे कुणी मागत नाहीये. नाव तर फुकट आहे हो! तेवढंही जड होतं का?

काही आक्षेप मला आत्ताच माहिती आहेत, कमेंटला यायच्या आधीच उत्तर देतो.

"लता मंगेशकरांनीच दुसऱ्या गायिकांना वर येऊ दिलं नाही, आणि तुम्ही त्यांचे दाखले देता?" हा आरोप जुना आहे, त्यावर वाद घालणारे घालोत. मी त्यांची आरती करायला बसलेलो नाही. 'कामिनी' छापलेल्या रेकॉर्डपासून 'श्रद्धांजली'पर्यंत नावाबद्दल त्या ज्या पद्धतीनं वागल्या, तेवढं घ्या. विहीर कुणी खणली यावरून पाणी गोड-खारं होत नाही.

"पत्रिकेत जागा नसते." चाळीस चेहऱ्यांना जागा असते. दोन कमी करा, सहा कलावंतांची नावं बसतात.

"कलाकार आयत्या वेळी बदलतात." मग स्टेजवरून पुकारा. माईक तुमचाच आहे ना? जनरेटरवाल्याचे आभार मानता, मंडपवाल्याचे मानता, ते तरी कुठं आधी ठरलेले असतात?

"ही नाचगाण्याची मंडळी, त्यांची नावं देवाच्या पत्रिकेत कशी टाकायची?" असं मला एका गावात खरंच ऐकवलं गेलं. देवाच्या पत्रिकेत ज्यांची नावं असतात त्यातल्या काहींची प्रकरणं मी बातमीदार म्हणून स्वतः लिहिलीयत. त्यामुळे हा विषय तुम्ही न काढलेला बरा.

आता मागणी. साधी आहे, कुठल्या निधीची वाट बघायला नको.

यात्रा कमिटीनं पत्रिकेत गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं, नाचणाऱ्याचं नाव आणि गाव छापावं. फोटो त्यांना विचारूनच टाकावा. कार्यक्रम झाला की कमिटीच्या लेटरहेडवर प्रत्येकाला तारीख घालून चार ओळींचं प्रमाणपत्र द्यावं. एक कागद, एक सही. उद्या तोच कागद त्याच्या म्हातारपणाच्या अर्जाला जोडला जाईल.

शाळांनी गॅदरिंगच्या पत्रिकेतून 'पारंपरिक' हा शब्द शोधून काढावा आणि प्रत्येक गाण्यापुढं गीतकार, संगीतकार, गायक लिहावं. मोबाईलवर दोन मिनिटांत सापडतं. खरोखर पारंपरिक असेल तर खुशाल लिहा पारंपरिक. पण आधी शोधा.

गावातली जी पोरं यात्रेचे व्हिडिओ चॅनलवर टाकतात आणि व्ह्यूज मिळवतात, त्यांनी खाली कलाकारांची नावं टाकावीत. तुमचा कॅमेरा आहे, मान्य. पण लोक कॅमेरा बघायला येत नाहीत.

आणि तुम्ही, जे खाली बसून बघता, तुम्ही एवढंच करा की विचारा. गाणं संपलं की ओरडून विचारा, कोण गातंय ओ? ढोलकीवर कोण? १९४९ ला लोकांनी रेडिओला विचारलं, ही बाई कोण, म्हणून 'कामिनी'च्या जागी लता मंगेशकर हे नाव जगाला कळलं. त्या वेळी विचारलं नसतं तर? विचारणाऱ्यांमध्ये ताकद असते. आपण ती फक्त 'वन्स मोअर'साठी वापरतो.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. इथून पुढं या पेजवर ज्या यात्रेची, ज्या कार्यक्रमाची बातमी येईल, त्यात आधी कलावंतांची नावं येतील, मग जागा उरली तर मान्यवर. ज्या कमिटीला पटणार नाही तिनं पत्रिका पाठवू नये, माझं काही अडत नाही. आणि दौंड-शिरूर पट्ट्यातल्या जुन्या कलावंतांच्या पत्रिका, फोटो, कात्रणं कुणाकडं असतील, ट्रंकेत, माळ्यावर, कुठंही, तर मला इनबॉक्सला पाठवा. ज्यात नाव आहे अशी तर नक्कीच. ज्याच्या त्याच्या घरी मी स्वतः नेऊन देईन.

येत्या २८ सप्टेंबरला दीदींना अभिवादन करायचंय ना? करा. फक्त त्या दिवशी स्वतःचा फोटो टाकू नका. आपल्या गावात गाऊन, वाजवून म्हातारं झालेल्या एका माणसाचं नाव टाका. पूर्ण नाव, गाव, आणि तो काय वाजवायचा ते. माणूस जिवंत असेल तर फारच उत्तम, तो वाचेल तरी.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, पण स्वतःच्या नावानं.